पाहुणचार नको, कायदा हवा

दर काही महिन्यांनी एक रील माझ्या फोनवर परत येते. जुने कृष्णधवल फोटो, मागे चढत जाणारं संगीत, आणि मजकूर असा की दुसऱ्या महायुद्धात देशोधडीला लागलेल्या पोलिश लोकांना आपल्या कोल्हापूरने आसरा दिला. खाली कमेंटमध्ये तिरंगे, हात जोडलेले इमोजी आणि 'अतिथी देवो भव'. थोडं खाली स्क्रोल केलं की दुसरा सूर लागतो: 'आता मात्र एकही बाहेरचा नको.' कधीकधी दोन्ही कमेंट एकाच माणसाच्या असतात.

मला त्या माणसाशी भांडायचं आहे. काही वर्षांपूर्वी मीही ती रील फॉरवर्ड केली होती, त्यामुळे थोडं भांडण स्वतःशीही आहे.

मी पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. मूळ गाव ईट, तालुका भूम, जिल्हा धाराशिव. 2022 मध्ये आमच्या प्रोजेक्टवर खारकीवची एक टेस्टर होती. 24 फेब्रुवारीला रशियाने हल्ला केला आणि त्या दिवशीच्या स्टँडअप कॉलला ती आली नाही. पुढच्या दोन आठवड्यांत कधीतरी चॅटवर तिचा मेसेज आला: 'आई आणि मी पोलंडमध्ये पोचलो. सोमवारपासून काम करते.' मी बावळटासारखं विचारलं, 'व्हिसा इतक्या लवकर कसा मिळाला?' ती म्हणाली, 'कुणी मागितलाच नाही.'

ज्याने पासपोर्टच्या पोलीस व्हेरिफिकेशनसाठी ईटच्या चार चकरा मारल्या आहेत, त्याला हे वाक्य परीकथेसारखं वाटतं. परीकथा नव्हती. युक्रेनच्या नागरिकांना 2017 पासूनच 90 दिवसांसाठी व्हिसाशिवाय युरोपात जाता येत होतं. 90 दिवसांनंतर काय, या प्रश्नाचं उत्तर युरोपीय संघाने 2001 सालीच लिहून ठेवलं होतं. बोस्निया आणि कोसोव्होच्या युद्धांत लाखो माणसं रस्त्यावर आली, तेव्हा युरोपची त्रेधातिरपीट उडाली. त्यातून 'तात्पुरतं संरक्षण' देणारा एक नियम तयार झाला: मोठ्या संख्येने माणसं आली, तर प्रत्येकाची स्वतंत्र केस चालवत बसायचं नाही, राहण्याचा परवाना, कामाचा हक्क, मुलांना शाळा, दवाखाना हे सगळं एकदम द्यायचं. हा नियम 21 वर्षं न वापरता पडून होता. आमच्या भाषेत सांगायचं तर फंक्शन 2001 मध्ये लिहिलं आणि पहिल्यांदा कॉल केलं 4 मार्च 2022 ला. हल्ला झाल्यापासून नवव्या दिवशी. आज चाळीस लाखांहून जास्त माणसं त्या नियमाखाली राहतात.

त्या दिवसांत मी मनात एक खेळ खेळलो. समजा, ती पोलंडऐवजी पुण्याला आली असती तर? टीममधले चार मित्र, ऑफिसपासून वीस मिनिटांवर माझा फ्लॅट, दुसऱ्या खोलीत गादी टाकता आली असती. मग मी नियम वाचायला बसलो.

पर्यटक व्हिसावर काम करता येत नाही. रोजगार व्हिसासाठी साधारणपणे वर्षाला किमान 16.25 लाखांच्या पगाराची अट आहे. तिला कदाचित जमलं असतं, पण निवृत्त आईचं काय? आणि 'युद्धातून पळून आले, परत गेले तर जीव जाईल' हे सांगायला कोणता फॉर्म भरायचा? तसा कायदाच नाही. 1951 च्या निर्वासितविषयक करारावर भारताने सही केलेली नाही. 1946 चा परदेशी नागरिक कायदा जाऊन 1 सप्टेंबर 2025 पासून नवा स्थलांतर आणि परदेशी नागरिक कायदा आला, पण निर्वासित म्हणजे कोण हे त्यातही सांगितलेलं नाही. त्या कायद्यापुढे बॉम्बखालून निघालेली बाई आणि व्हिसा संपल्यावर गोव्यात मजा करत राहिलेला पर्यटक सारखेच. दोघंही 'परदेशी'.

यावर ठरलेलं उत्तर येतं: 'कायदा नसला तरी आपण आसरा देतोच की.' देतो, हे खरं आहे. 1959 नंतर तिबेटी आले. आपल्या गोंदिया जिल्ह्यात गोठणगावजवळ त्यांची वसाहत आहे. श्रीलंकेचे तमिळ आले. 1971 साली पूर्व पाकिस्तानातून सुमारे एक कोटी माणसं आली. पण प्रत्येक वेळी दार कुणासाठी उघडायचं हे त्या त्या वेळच्या सरकारने ठरवलं, वेगवेगळ्या आदेशांनी. सप्टेंबर 2025 मध्येही तेच झालं: तिबेटी, 9 जानेवारी 2015 पूर्वी आलेले श्रीलंकन तमिळ, आणि अफगाणिस्तान, बांगलादेश, पाकिस्तानातले सहा धर्मांचे लोक यांना एका आदेशाने कारवाईतून सूट मिळाली. यादीत नाव असेल तर माणूस वाचतो. नसेल, तर तो किती खरं बोलतोय याला किंमत नाही. आदेशाने मिळालेलं आदेशाने काढूनही घेता येतं.

आता त्या रीलकडे येऊ, कारण वळिवड्याची गोष्ट तिच्या पार्श्वसंगीतापेक्षा अवघड आहे.

1940 पासून सोव्हिएत सत्तेने पूर्व पोलंडमधली माणसं घराघरातून उचलून सायबेरिया आणि कझाकस्तानात नेली. त्यांतले काही पुढे इराणमार्गे बाहेर पडले. 1943 पासून कोल्हापूर संस्थानात वळिवड्याला त्यांची छावणी उभी राहिली. जवळपास पाच हजार माणसं, बहुतेक बायका आणि मुलं. बराकी, शाळा, चर्च, दवाखाना. कोल्हापूरकरांनी त्यांना जीव लावला, याबद्दल माझा वाद नाही. पण या छावणीमागे कागद होता आणि पैसाही होता: लंडनमधलं निर्वासित पोलिश सरकार आणि ब्रिटिशांची यंत्रणा. जुलै 1945 मध्ये ब्रिटन आणि अमेरिकेने त्या सरकारची मान्यता काढली आणि वळिवड्यातली माणसं एका रात्रीत अधांतरी झाली. त्यांतल्या बऱ्याच जणांची गावं तर आता पोलंडमध्येही उरली नव्हती. याल्टाच्या वाटाघाटींनंतर सीमा सरकली. त्यांचं लवुफ आज लविव आहे, युक्रेनमध्ये. म्हणजे 2022 मध्ये ज्या भूमीवरून माणसं पोलंडकडे पळाली, त्याच भूमीवरून उखडलेली माणसं ऐंशी वर्षांपूर्वी पंचगंगेच्या काठाजवळ राहत होती.

1948 पर्यंत छावणी रिकामी झाली. कुणी ब्रिटनला, कुणी ऑस्ट्रेलियाला, कुणी पोलंडला गेलं. त्या बराकींत मग फाळणीचे सिंधी निर्वासित आले, आणि आज तिथे गांधीनगरची कापड बाजारपेठ आहे. सिंधी राहिले, कारण नव्या देशाने त्यांना आपले मानलं. पोलिशांना पाच वर्षं पाहुणे म्हणून प्रेम मिळालं, पण पाहुण्याला मुक्काम वाढवायचा हक्क नसतो. रीलमध्ये हे नसतं.

भूम तालुक्यातल्या माणसाला कोल्हापूरपर्यंत जायची तरी काय गरज? आमचा भाग निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि शेजारचा जामखेड तालुका मुंबई इलाख्यात. माझी आज्जी तेव्हा आठ वर्षांची. रझाकारीत एका रात्री बैलगाडीत बसवून तिला खर्ड्याकडे नेलं. ती सांगायची, 'गाडीच्या चाकाला चिंध्या बांधल्या व्हत्या बापू, आवाज नगं म्हून.' त्या बाजूला कुणी विचारलं नाही, निजामाची प्रजा इकडे कशी. सप्टेंबर 1948 मध्ये पोलीस ॲक्शन झाली आणि आज्जी परत आली. त्यानंतर उलट दिशेने माणसं पळाली. आमच्या जिल्ह्यातल्या मुसलमानांवर हल्ले झाले. केंद्राने पाठवलेल्या सुंदरलाल समितीने सर्वांत जास्त झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबादचं नाव घेतलं. आज्जीच्या आठवणीत गल्लीतलं एक कुलूपबंद घर होतं. त्या घरातले कुठे गेले, हे तिला कुणी सांगितलं नाही. एका वर्षात एकाच मातीवर दोन्ही धर्मांची माणसं निर्वासित झाली. आपण कायम आसरा देणारेच असतो, हा समज आमच्या जिल्ह्याला तरी परवडणारा नाही.

एक आक्षेप मात्र मी गंभीरपणे घेतो, कारण तो माझ्या गावातून येतो. 'आमचा ऊसतोड मजूर सहा महिने कोपीत राहतो, त्याच्या पोरांची शाळा बुडते, आणि तू युक्रेनच्या बाईची काळजी करतोस?' राग खरा आहे. पण ऊसतोड कामगाराचं आजवरचं नुकसान कोणत्या निर्वासिताने केलं? तो जिथे जातो तिथे त्याचा हक्क त्याच्यासोबत जात नाही. मुकादमाच्या मर्जीवर सगळं चालतं. निर्वासिताचं दुखणंही तेच, फक्त मुकादमाच्या जागी सरकारी अधिकारी. जो समाज एकाला मर्जीवर सोडतो, तो दुसऱ्यालाही सोडतो.

दुसरा आक्षेप सुरक्षेचा. त्याचं उत्तर तर कायद्यातच आहे. कायदा म्हणजे सताड उघडं दार नव्हे. अर्ज कुठे करायचा, ओळख कोण तपासणार, किती दिवसांत निर्णय, नकार मिळाला तर अपील कुठे, गुन्हेगाराला कसं वगळायचं, हे सगळं लिहून ठेवणं म्हणजे कायदा. आज ते लिहिलेलं नाही म्हणून माणसं लपून राहतात, आणि लपलेल्या माणसाची नोंद कुणाकडेच नसते. 1996 मध्ये चकमा निर्वासितांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की संविधानाच्या कलम 21 चं, म्हणजे जगण्याच्या हक्काचं, संरक्षण परदेशी माणसालाही आहे. तत्त्व आहे, प्रक्रिया नाही. शशी थरूर यांनी 2015 मध्ये आणि पुन्हा 2022 मध्ये आश्रयाबद्दलचं खासगी विधेयक लोकसभेत मांडलं. ते कायदा झालं नाही.

युरोपची आरती ओवाळायचीही गरज नाही. ज्या वर्षी पोलंडने लाखो युक्रेनियनांना घेतलं, त्याच वर्षी त्याने बेलारूसच्या सीमेवर पोलादी कुंपण पूर्ण केलं, तिकडून येणाऱ्या आशियाई आणि आफ्रिकी माणसांना अडवायला. शिवाय तात्पुरतं ते तात्पुरतंच. अमेरिकेने एप्रिल 2022 मध्ये युक्रेनियनांसाठी सुरू केलेली योजना जानेवारी 2025 मध्ये नवं सरकार येताच थांबवली. ती संसदेचा कायदा नव्हती, प्रशासनाची सवलत होती. युरोपचं संरक्षण 4 मार्च 2027 पर्यंत वाढवलेलं आहे. माझी सहकारी ती तारीख पाठ म्हणून दाखवते. गेल्या काही वर्षांत तिने पोलिश शिकली, आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन केलं, भाड्याचं घर दोनदा बदललं, आणि अजून ती सोफा विकत घेत नाही. पण नोटीस वाचायला, वकील गाठायला, कामगार परवान्यावर जायला तिच्या हातात काहीतरी कागद आहे. पुण्यात तिच्या हातात माझ्या फ्लॅटची किल्ली असती आणि बाकी काही नाही.

म्हणून पुढच्या वेळी ती रील आली की फॉरवर्ड करा, हरकत नाही. सोबत आपल्या खासदाराला एक प्रश्नही पाठवा: उद्या कुठल्याही देशातून जीव वाचवून एक बाई आपल्या जिल्ह्यात पोचली, तर तिने कोणत्या टेबलापुढे उभं राहायचं? आज्जीला खर्ड्यात कुणी विचारलं नाही, ते तिचं नशीब. गल्लीतल्या त्या कुलूपबंद घरातल्या माणसांना तेवढं नशीब मिळालं की नाही, मला आजही माहीत नाही.