हुकमाचा शाकाहार आणि करडीचे दूध



२०२५ च्या ऑगस्टमध्ये छत्रपती संभाजीनगर महापालिकेने हुकूम काढला. १५ ऑगस्टला गोकुळाष्टमी आणि २० ऑगस्टला पर्युषण पर्व, म्हणून या दोन दिवशी शहरातले कत्तलखाने आणि मटणाची दुकाने बंद. मग दोन्हीकडचे पुढारी टीव्हीवर आले. कुणी काय खावे यावर चार दिवस तोंडे वाजली. ताटात जे वाढायचे ते पिकवणाऱ्याच्या पदरात काय पडते, हे मात्र कुणी विचारले नाही. म्हणून आम्ही विचारतो.

आमचे शाकाहाराशी भांडण नाही. आमच्यात गळ्यात माळ असलेले वारकरी आहेत आणि जत्रेला बोकड कापणारेही आहेत. दोघांच्या घरचे रोजचे ताट सारखेच असते. ज्वारीची भाकरी, पिठले किंवा तुरीचे वरण, जवसाची नाहीतर कारळाची चटणी, हंगामात अंबाडी, हिवाळ्यात हरभऱ्याची नाहीतर करडीची पालेभाजी. यात मांस नाही. नीट पाहिले तर दूधही नाही. घरी म्हैस असली तरी दूध पहाटेच कॅनमध्ये जाते आणि घरची माणसे कोरा चहा पितात. या जेवणाला शहरात आता ‘व्हेगन’ म्हणतात. शब्द १९४४ साली इंग्लंडात निघाला. २०२२ साली आपल्या सरकारने अशा मालासाठी वेगळे नियम आणि वेगळे चिन्हही काढले. शहरातला माणूस दूध सोडतो आणि परदेशी बदामाचे, ओटचे पांढरे पाणी खोक्यातून विकत आणतो. आम्ही तीन पिढ्या न ठरवता दूध सोडून बसलो, त्याचे कुणी कौतुक केले नाही. गरिबीला नियमावली लागत नाही.

तरी आम्ही म्हटले, चेष्टा करण्याआधी करून पाहू. गेल्या हिवाळ्यात आमच्यापैकी सात-आठ घरांनी महिनाभर ठरवून तसे जेवण केले. मोठ्या माणसांनी दूध, दही, तूप, मटण, अंडी बंद. आणि एक अट आमची स्वतःची: पिशवीतले पामतेल बंद. स्वयंपाक करडीच्या नाहीतर शेंगदाण्याच्या तेलात.

सगळ्यात अवघड गेला तो चहा. घरी पाहुणा आला आणि त्याच्यापुढे कोरा चहा ठेवला तर त्याला तो अपमान वाटतो. आले, गवती चहा, गूळ घालून वेळ मारून नेली. सोपे गेले ते गोडाचे. आमच्यातल्या एका म्हातारीने आठवण काढली की तिच्या माहेरी, लातूरकडे, करडीच्या दुधातली गव्हाची खीर होत असे. करडी निवडून रात्रभर भिजत घालायची, पाट्यावर वाटायची, पाणी घालून फडक्यातून पिळून घ्यायची. पांढरेशुभ्र दूध निघते. भरडलेला गहू शिजत आला की ते ओतायचे, मंद आचेवर हलवत राहायचे, गूळ आणि थोडी सुंठ घालायची. ती खीर खाऊन एक पुरुष कार्यकर्ता म्हणाला, आता म्हैस विकावी. तेव्हा बायांनी सुनावले की ठराव तुम्ही केला, पाटा आम्ही ओढला. ते खरेच आहे आणि इथे छापलेच पाहिजे.

पण खीर करायला करडी कुठून आणली? आमच्या सात-आठ घरांत एकाच्याही रानात नव्हती. मोंढ्यातून विकत आणली! एके काळी रब्बीच्या ज्वारीला करडीचे पट्टे असत. काटेरी पीक, गुरे तोंड घालत नाहीत, आणि जमिनीत जेवढी ओल आहे तेवढ्यावर येते. परभणीच्या कृषी विद्यापीठाने तिचे चांगले वाण काढले. मग करडी गेली का? काढणीला काट्यांमुळे मजूर मिळत नाही हे एक कारण. पण मुख्य कारण भाव. १९९४ मध्ये पामोलिनची आयात खुली झाली आणि तेव्हापासून सरकारने खाद्यतेलाकडे ग्राहकाच्या खिशातूनच पाहिले. सप्टेंबर २०२४ मध्ये कच्च्या तेलावर २० टक्के मूळ आयात शुल्क लावले, तेव्हा वाटले की शहाणपण आले. ३० मे २०२५ ला ते १० टक्क्यांवर आणले. पेरणीच्या तोंडावर!

हिशोब करून पाहा. २०२५-२६ च्या रब्बी विक्री हंगामासाठी करडीचा हमीभाव ५९४० रुपये क्विंटल होता. चार किलो करडीला जेमतेम किलोभर तेल निघते, म्हणजे नुसत्या करडीचेच सुमारे २३८ रुपये झाले. घाण्याची मजुरी वेगळी. तेच लाकडी घाण्याचे तेल बाटलीत भरून शहरातल्या दुकानात तीनशेच्या पुढे विकले जाते आणि घेणारे ते आरोग्याच्या नावाने आनंदाने घेतात. १९९१ च्या शेगाव मेळाव्यात माजघर शेतीचा कार्यक्रम मांडला गेला, तो नेमका यासाठी होता. आपण टाळ्या वाजवल्या आणि घरी येऊन पामतेलाची पिशवी फोडली. दोष सगळा दिल्लीचा नाही.

तुरीचे वेगळे काय? कापसात तुरीचे तास असते. मांस न खाणाऱ्याला, दूध न पिणाऱ्याला प्रथिने मिळायची ती डाळीतून. मग शाकाहाराचा पुळका असलेल्या सरकारने तुरीला जपायला हवे की नको? १५ मे २०२१ रोजी तुरीची आयात खुली केली आणि पुढे मुदत वाढवत नेली. जून २०२३ मध्ये व्यापाऱ्याच्या साठ्यावर मर्यादा घातली. २०२५ च्या सुगीला हमीभाव ७५५० होता, बाजारात बोली त्याच्याही खाली लागली. मटणाचे दुकान दोन दिवस बंद केले तर गदारोळ होतो. तुरीचा भाव पाडला तर त्याला महागाईवरचा उपाय म्हणतात.

आता दुधाकडे येऊ. इथे आम्ही त्या व्हेगन मंडळींच्या बाजूने एक गोष्ट बोलणार आहोत. त्यांचा हिशोब सरळ आहे. गाय व्याल्याशिवाय दूध देत नाही, आणि व्याली की निम्मे गोऱ्हे होतात. दूध प्यायचे असेल तर त्या गोऱ्ह्याचे आणि भाकड गायीचे काय करायचे याचे उत्तर द्यावे लागते. दूध पिणारा शहरी शाकाहारी ते उत्तर देत नाही. राज्याच्या १९७६ च्या कायद्यात गायीची कत्तल बंद होती, पण निकामी झाल्याचा दाखला असलेला बैल विकता येत होता. १९९५ साली विधिमंडळाने दुरुस्ती केली, तिला २०१५ च्या फेब्रुवारीत राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि मार्चपासून बैलही बंद. पाच वर्षांपर्यंत कैद, दहा हजारांपर्यंत दंड. म्हातारा बैल विकून त्यात भर घालून नवा घ्यायचा, हा कोरडवाहू शेतकऱ्याचा भांडवलाचा फेरा त्या दिवशी तुटला. पोळ्याला बैलाच्या पाया आम्ही पडतो. दुष्काळात त्याला कडबाही आम्हीच घालतो. ज्यांच्या श्रद्धेसाठी तो ठेवायचा, त्यांनी दुधाच्या पिशवीमागे चार पैसे बैलाच्या वैरणीचे द्यावेत. बघू किती देतात.

पोरांच्या बाबतीत मात्र आम्ही प्रयोग केला नाही आणि कुणी करू नये. वनस्पतीच्या अन्नात ब-१२ जीवनसत्त्व नसते. मोठ्यांनाही फार काळ असे राहायचे तर ते औषधातून घ्यावे लागते. गांधीजींनी १९१२ साली दूध सोडले, पण पुढे मोठ्या आजारपणात त्यांनाही शेळीचे दूध घ्यावे लागले. शाळेत आठवड्याला एक अंडे द्यायचे राज्याने नोव्हेंबर २०२३ मध्ये ठरवले. जानेवारी २०२५ मध्ये त्याचे पैसे बंद केले आणि लोकवर्गणीतून द्या म्हणून सांगितले. ज्याच्या घरचे दूध डेअरीला जाते त्याच पोराच्या ताटातले अंडे काढले. ज्यांना नको त्यांना केळे द्या, पण हवे त्याच्या तोंडचे काढू नका.

महिना संपल्यावर दोन घरांनी दूध परत सुरू केले, एकाने मटणही. पामतेल मात्र अजून कुणी आणलेले नाही.

येत्या रब्बीत ज्वारीच्या दर बारा ओळींमागे करडीचे चार तास पेरायचे असे आम्ही ठरवले आहे. बियाणे एकत्र आणू, काढणीला हार्वेस्टर एकत्र ठरवू. ज्यांना यात यायचे असेल त्यांनी जिल्हा बैठकीला येताना आपले क्षेत्र लिहून आणावे. आणि ज्यांच्या घरी जुना लाकडी घाणा पडून असेल त्यांनी तो भंगारात देण्याआधी आम्हाला कळवावे.