सुताराच्या हाताला काम आहे, मग खिशात पैसे का राहत नाहीत?

नव्या फ्लॅटचा ताबा मिळाला की पहिली शोधाशोध सुरू होते ती सुताराची. ज्याचं काम चांगलं, तो लगेच मिळत नाही. "गणपती झाले की बघू", "दिवाळीनंतर या" अशी उत्तरं मिळतात. म्हणजे कामाची कमतरता नाही. तरीही यातल्या अनेकांचं वर्कशॉप वर्षानुवर्षं तेवढंच राहतं. एक पत्र्याची शेड, दोन हेल्पर आणि ओळखीतून येणारी ऑर्डर.

दुसरीकडे ऑनलाइन फर्निचर आणि मॉड्युलर किचनच्या कंपन्या शहरांमध्ये पसरल्या. 'आयकिया'नं डिसेंबर २०२० मध्ये नवी मुंबईत तुर्भ्याला महाराष्ट्रातलं पहिलं मोठं दुकान उघडलं. केंद्र सरकारनं २०२३ मध्ये पारंपरिक कारागिरांसाठी १३ हजार कोटींची योजना आणली आणि सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटीचे दर बदलले. या सगळ्यात छोट्या सुतारकाम व्यवसायाच्या वाट्याला नेमकं काय आलं? आणि गाडी अडते कुठे?

आधी हिशेब: एका कपाटात सुताराला किती सुटतात?

एक साधं उदाहरण घेऊ. आकडे समजण्यापुरते आहेत. शहर, लाकूड आणि कामाप्रमाणे ते बदलतील.

समजा, एका कपाटाचं काम ४० हजार रुपयांना ठरलं. प्लाय, लॅमिनेट, बिजागऱ्या, चॅनेल, फेव्हिकॉल धरून सामान २४ हजारांचं. हेल्परची मजुरी रोज ७५० रुपयांप्रमाणे आठ दिवसांची ६ हजार. उरले १० हजार. आठ दिवसांत १० हजार म्हणजे रोजचे १,२५० रुपये. वाईट नाही, असं वाटतं.

पण हिशेब इथे संपत नाही. वर्कशॉपचं भाडं आणि वीज मिळून महिन्याला १२ हजार असतील, तर २५ दिवसांच्या महिन्यात रोजचे ४८० रुपये होतात. आठ दिवसांचे ३,८४०. टेम्पोचे दीड हजार. करवतीचं पातं, पॉलिश पेपर, स्क्रू असा किरकोळ खर्च एक हजार. हे वजा केल्यावर हातात राहतात ३,६६० रुपये, म्हणजे दिवसाला साधारण ४५८.

आणि माप घ्यायला जाणं, लॅमिनेट निवडायला ग्राहकासोबत दुकानात जाणं, शेवटी राहिलेलं दार सरळ करायला परत जाणं यात आणखी दोन दिवस गेले तर? मग रोजची कमाई ३६६ रुपयांवर येते. हेल्परला ७५० आणि मालकाला ३६६!

बहुतेक छोट्या वर्कशॉपची खरी गोम इथेच आहे. भाव ठरतो तो "शेजारचा किती घेतो" यावर, किंवा चौरस फुटाच्या चालू दरावर. स्वतःची मजुरी, जागेचं भाडं, मशीनची झीज आणि फुकट गेलेल्या फेऱ्या भावात धरल्याच जात नाहीत. महिनाअखेरीस पैसे कमी पडले की आणखी ऑर्डर घेतल्या जातात. पण तोट्याच्या भावात काम वाढवलं, तर तोटाही वाढतो.

विश्वकर्मा योजनेतून काय मिळतं?

पीएम विश्वकर्मा योजना १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झाली. मुदत २०२७-२८ पर्यंत आहे. त्यातल्या १८ पारंपरिक व्यवसायांत सुतार आहे. होडी बनवणारे आणि खेळणी बनवणारेही आहेत.

- कौशल्य पडताळणीनंतर अवजारांसाठी १५ हजार रुपयांचं ई-व्हाउचर
- ५ ते ७ दिवसांचं मूलभूत आणि १५ दिवसांचं पुढचं प्रशिक्षण, त्या काळात रोज ५०० रुपये भत्ता
- विनातारण कर्ज: पहिला हप्ता १ लाखापर्यंत, फेड १८ महिन्यांत; दुसरा २ लाखांपर्यंत, फेड ३० महिन्यांत
- कारागिराला व्याज ५ टक्के, वरचा ८ टक्क्यांपर्यंतचा भार केंद्र सरकारकडे

अर्जदाराचं वय १८ पूर्ण हवं. कुटुंबातल्या एकालाच लाभ मिळतो. नोंदणी कॉमन सर्व्हिस सेंटरवर होते आणि पडताळणी ग्रामपंचायत किंवा नगरपालिकेपासून सुरू होते. गेल्या पाच वर्षांत स्वयंरोजगारासाठी सरकारी योजनेतून कर्ज घेतलं असेल तर अर्ज अडू शकतो. मात्र मुद्रा आणि स्वनिधीचं कर्ज पूर्ण फेडलेल्यांना सूट आहे.

यातला सर्वात कामाचा भाग कोणता? चर्चा अवजारांच्या पेटीची जास्त होते. पण १५ हजारांत ड्रिल, हातातली कटिंग मशीन, रंधा मशीन अशी अवजारं येतात. प्लायला फॅक्टरीसारखी सरळ कड देणारी पॅनेल सॉ किंवा एज बँडिंग मशीन येत नाही.

खरा फरक पडतो तो व्याजात. एक लाख रुपये ५ टक्क्यांनी १८ महिन्यांसाठी घेतले तर हप्ता साधारण ५,७८० रुपये बसतो आणि एकूण व्याज जातं सुमारे ४ हजार. हेच पैसे महिना दोन टक्क्यांनी उचलले तर त्याच १८ महिन्यांत सुमारे २० हजार व्याज जातं.

सुताराला हे भांडवल लागतं, कारण वरच्या उदाहरणात ग्राहकानं निम्मी रक्कम आगाऊ दिली तरी ते २० हजारच होतात. सामान आहे २४ हजारांचं. काम सुरू होण्याआधीच चार हजार खिशातून गेले. अशी चार कामं एकदम सुरू असतील तर १६ हजार अडकतात, त्यात हेल्परचा दर आठवड्याचा पगार वेगळा. म्हणून अनेक जण नव्या ग्राहकाच्या आगाऊ रकमेतून जुन्या ग्राहकाचं सामान भरतात. एक काम लांबलं की मागची सगळी कामं लटकतात. "सुतार फोन उचलत नाही" या तक्रारीमागे बऱ्याचदा हे चक्र असतं.

जीएसटीचा घोळ काय आहे?

२२ सप्टेंबर २०२५ पासून नवे दर लागू झाले. लाकडी फर्निचरवर १८ टक्के जीएसटी कायम राहिला. बांबू, वेत यांचं फर्निचर १२ वरून ५ टक्क्यांवर आलं. लाकडी मूर्ती, लाकडी स्वयंपाकाची भांडी, हस्तकलेच्या वस्तू आणि साधी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक नसलेली खेळणीही ५ टक्क्यांत आली. म्हणजे त्याच लाकडाची खुर्ची केली तर १८ टक्के आणि पोळपाट-लाटणं केलं तर ५ टक्के.

फक्त वस्तू विकणाऱ्याला महाराष्ट्रात वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणीची सक्ती नाही. पण मजुरीवर काम करणं किंवा घरी जाऊन फर्निचर बांधून, बसवून देणं ही सेवा धरली जाते. तिथे मर्यादा २० लाखांची आहे. अनेक सुतार दोन्ही प्रकारची कामं करतात आणि ४० लाखांच्या भरवशावर राहतात.

दीड कोटीपर्यंतच्या उत्पादकाला १ टक्का कर भरण्याची कंपोझिशन योजना आहे. मात्र त्यात प्लायवर भरलेल्या १८ टक्क्यांची वजावट मिळत नाही, ग्राहकाकडून वेगळा कर घेता येत नाही आणि परराज्यात माल विकता येत नाही.

लाकूड कापायला परवाना लागतो?

१९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं गोदावर्मन खटल्यात आरागिरण्यांवर निर्बंध घातले, तेव्हापासून हा विषय नाजूक आहे. केंद्राच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार, वैध ठिकाणाहून आणलेलं चिरीव लाकूड, प्लाय किंवा बांबू वापरणाऱ्या आणि बँड सॉ किंवा ३० सेंटिमीटरपेक्षा मोठी गोल करवत नसलेल्या युनिटला लाकूड उद्योगाचा परवाना लागत नाही. म्हणजे वखारीतून कापून आणलेल्या लाकडावर काम करणारं वर्कशॉप सहसा यातून सुटतं. मोठं मशीन घ्यायचं असेल तर आधी वन विभागात विचारावं. घेतल्यावर विचारलं तर मशीन सीलही होऊ शकतं.

सागाच्या बाबतीत पावती जपणं महत्त्वाचं. महाराष्ट्रात १९६४ च्या वृक्षतोड कायद्याखाली खासगी जमिनीतला साग, आंबा, फणस अशी झाडं तोडायलाही परवानगी लागते. "गावाकडून स्वस्तात आणलेला साग" कागदाशिवाय आला असेल तर अडचणीत सुतारच येतो.

मग वाढायचं कसं?

वाढण्याचे साधारण तीन रस्ते दिसतात.

पहिला, मशीन विकत न घेता वापरणं. मोठ्या शहरांत प्लाय किंवा बोर्ड कापून, कडा लावून देणारे जॉब वर्कवाले आहेत. कटिंग तिकडे आणि जोडणी, फिटिंग आपल्याकडे, असं केलं तर आठ दिवसांचं काम कमी दिवसांत होऊ शकतं. पण त्यासाठी प्रत्येक फळीचं अचूक माप आधी कागदावर यावं लागतं. साइटवर बघून करू, ही सवय तिथे चालत नाही.

दुसरा, ठरावीक वस्तू बनवणं. सावंतवाडीची चितारआळी हे जवळचं उदाहरण. तिथली लाकडी फळं, भाज्या, खेळणी प्रत्येक ग्राहकाचं माप घेऊन बनत नाहीत. एक नमुना बसला की तोच पुन्हा पुन्हा करता येतो. मंद हंगामात माल करून ठेवता येतो. आयात खेळण्यांवरची ड्युटी २०२० मध्ये २० वरून ६० टक्के आणि २०२३ मध्ये ७० टक्के झाल्यानं देशी खेळण्यांना थोडी हवा मिळाली. जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना बीआयएस मानक सक्तीचं आहे, पण हस्तकला आयुक्तालयाकडे नोंद असलेल्या कारागिरांना त्यातून सूट आहे. ही नोंद नसेल तर सूटही नाही.

तिसरा, बिल्डर, इंटिरिअर फर्म, हॉटेल अशा ग्राहकांचं काम. ऑर्डर मोठी, पण पैसे अडकण्याची भीतीही मोठी. इथे मोफत होणारी उद्यम नोंदणी उपयोगी पडते. एमएसएमई कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगाला १५ दिवसांत, लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. उशीर झाला तर बँक रेटच्या तिप्पट दरानं चक्रवाढ व्याज मागता येतं. २०२३-२४ पासून असं बिल मुदतीत चुकवलं नाही, तर प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत खरेदीदाराला त्या खर्चाची आयकरात वजावटही मिळत नाही. साइटवरच्या एकूण ठेक्याच्या कामाला हा कायदा लागतो का, यावर न्यायालयांत वाद झाले आहेत. त्यामुळे वस्तूंचं वेगळं बिल आणि सही घेतलेलं चलन हातात असणं केव्हाही चांगलं.

ग्राहकासाठी यात काय आहे?

गावगाड्यात सुतार बारा बलुतेदारांपैकी एक होता. वर्षभर काम आणि सुगीला धान्य, असा तो व्यवहार होता. त्यात एकेका कामाचा खर्च मांडायची गरज नव्हती. आज प्लाय रोख मिळतो, भाडं दर महिन्याला द्यावं लागतं आणि हेल्पर शनिवारी पगार मागतो. तरीही भाव मात्र अंदाजानंच सांगितला जातो आणि अंदाजानंच पाडला जातो.

म्हणून सामान, मजुरी, वाहतूक वेगवेगळी लिहिलेलं कोटेशन दोघांच्याही फायद्याचं. कंपनीच्या कोटेशनमध्ये 'इन्स्टॉलेशन'चे पैसे असतात तेव्हा सहसा कुणी वाद घालत नाही. सुतारानं फिटिंगचे दोन हजार वेगळे लिहिले, तर आपण ते कापायला सांगतो का, हे पुढचं कपाट करून घेताना तपासून बघता येईल.