पंचवीस रुपयांची स्ट्रॉबेरी क्रीम कँडी विकू नका



उन्हाळा तोंडावर आला की आपल्या ट्रेनिंगमध्ये एक प्रश्न हमखास येतो. "सर, घरी स्ट्रॉबेरी क्रीम कँडी करून विकायची आहे. पंचवीस रुपये भाव ठेवला तर चालेल ना?"

चालेल की! कँडी धावेल सुद्धा. पण तुम्ही जूनपर्यंत चालणार नाही. थकाल, वैतागाल आणि पुढच्या वर्षी म्हणाल, "घरगुती धंद्यात काही राम नाही."

माझं मत आधीच सांगून टाकतो. घरची कँडी चाळीस-पंचेचाळीसला विकता येत असेल तर विका. नसेल येत, तर घरच्या पोरांना खाऊ घाला आणि हात झटकून मोकळे व्हा. पंचवीसला विकणं म्हणजे स्वतःची मजुरी गिऱ्हाइकाला भेट देणं. हे मी हवेत बोलत नाही. वही काढा, हिशेब मांडू.

आधी माल

60 ग्रॅमच्या 30 कँडीसाठी हे प्रमाण धरा: साफ केलेली स्ट्रॉबेरी 1 किलो, साखर 150 ग्रॅम, फ्रेश क्रीम अर्धा लीटर, कंडेन्स्ड मिल्क 400 ग्रॅम, अर्ध्या लिंबाचा रस, चिमूटभर मीठ.

स्ट्रॉबेरीचे तुकडे करून साखर लावून अर्धा तास ठेवा, पाणी सुटेल. मग मंद आचेवर थोडं आटवा. हा टप्पा गाळू नका. स्ट्रॉबेरीत नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं. ते तसंच ठेवलं तर कँडी दगडासारखी होते आणि चावली की बर्फ कुरकुरतो. आटवलेला गर फ्रीजमध्ये पूर्ण गार करा आणि मगच गार क्रीममध्ये मिसळा. गरम दुधात आंबट फळ घातलं की दूध फाटतं, हे काही मी तुम्हाला सांगायला नको. मिश्रण थोडं जास्त गोड लागलं तर घाबरू नका. गोठल्यावर जिभेला गोडी कमीच जाणवते, आणि साखरेमुळेच कँडी चावण्याइतकी मऊ राहते.

आता हिशेब

हे आकडे नमुन्याचे आहेत. तुमच्या गावचे भाव टाकून पुन्हा मांडा.

स्ट्रॉबेरी 120, साखर 7, क्रीम 130, कंडेन्स्ड मिल्क 140, लिंबू-मीठ 3. झाले 400 रुपये. बहुतेक जण इथेच पेन ठेवतात. "तीस कँडीला चारशे, म्हणजे एक पडली सव्वातेराच्या आसपास. पंचवीसला विकली की जवळपास दुप्पट!"

थांबा. पेन उचला.

काडी, पाऊच आणि लेबल, नगाला 3 रुपये धरून 90. गॅस आणि वीज 40. पोचवायचा खर्च 60. आणि तुमचे अडीच तास. फळ धुणं, देठ काढणं, आटवणं, साचे भरणं, काढणं, पॅक करणं आणि शेवटी ओटा आणि भांडी घासणं, सगळं धरून. ताशी 100 रुपये लावले तर 250. एकूण 840.

तीसपैकी दोन कँडी साच्यातून काढताना मोडतात किंवा चव बघायला जातात. विकायला राहिल्या 28. म्हणजे एक कँडी पडली 30 रुपयांना.

पंचवीसने 28 विकल्या तर हातात 700 आले. मजुरी सोडून तुमचा खर्च 590. अडीच तासांचे उरले 110 रुपये. तासाला 44. आता मला सांगा, दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात एवढ्या पैशांत राबाल का? नाही ना? मग स्वतःच्या स्वयंपाकघरात का राबता?

"पण सर, मी घरीच असते. माझ्या वेळेला कुठे पैसे पडतात?"

हे वाक्य ऐकलं की मला खरंच वाईट वाटतं. ताई, तुमच्या घरचा स्वयंपाक, पोरांचा अभ्यास, सासूबाईंची औषधं, यांचे पैसे कुणी देत नाही हे खरं. पण म्हणून धंद्यातही तुमचा वेळ फुकटच धरायचा? उद्या ऑर्डर वाढली आणि मदतीला बाई ठेवली, तर तिला काय सांगणार? "माझी मजुरी मी धरली नव्हती, तू पण धरू नकोस"? ज्या भावात मदतनीस परवडत नाही, त्या भावात तुमचा धंदा कधीच वाढणार नाही. तो तुमच्या दोन हातांएवढाच राहणार.

आणि आणखी एक. तुम्ही फुकट राबून पंचवीसचा भाव पाडलात की त्याच गल्लीतली दुसरी ताई, जिला खरंच घर चालवायचंय, तिलाही त्याच भावात विकावं लागतं. नुकसान एकटीचं होत नाही.

दुकानदाराच्या बाजूने बघा

मी स्वतः दुकानदार आहे. माझ्याकडे कोणी माल ठेवायला आलं की मी आधी चव नाही विचारत, मार्जिन विचारतो. माझा डीप फ्रीजर दिवसरात्र चालतो, त्याचं बिल मला येतं. 20 टक्के मागितले तर त्यात गैर काही नाही.

पंचेचाळीसच्या कँडीवर 20 टक्के म्हणजे 9 रुपये दुकानाचे, 36 तुमचे. 28 कँडीचे 1008. खर्च 840 वजा जाता मजुरी सुटून वर 168 रुपये नफा. थेट सोसायटीत, वाढदिवसाला, सहाच्या पॅकमध्ये विकल्या तर 1260 येतात आणि नफा 420. पंचवीसच्या भावात दुकानाला 5 दिले की तुम्हाला 20 उरतात, आणि कँडी पडते 30 ला. तुम्ही कधीच दुकानापर्यंत पोचणार नाही.

"पंचेचाळीसला कोण घेणार? दहा रुपयांत कँडी मिळते!"

मिळते. कोपऱ्यावर पेप्सीकोला त्याहूनही स्वस्त मिळतो. तुम्हाला त्यांच्याशी भांडायचंच नाही. रंग, एसेन्स आणि साखरपाण्याशी भावात भांडून घरचा माणूस जिंकत नसतो.

तुमच्याकडे काय आहे ते बघा. अर्ध्याहून जास्त फळ. खरं क्रीम. पाकिटावर "फ्रोझन डेझर्ट" लिहिलेलं असतं तेव्हा त्यात दुधाच्या फॅटऐवजी वनस्पती तेल किंवा फॅट असतं. तुमच्या कँडीत ते नाही. आइस्क्रीममध्ये हवा फेटलेली असते, तुमचे 60 ग्रॅम म्हणजे भरीव 60 ग्रॅम. हे लेबलवर साध्या मराठीत लिहा. "स्ट्रॉबेरी, क्रीम, साखर, कंडेन्स्ड मिल्क, लिंबू, मीठ. बाकी काही नाही." हीच तुमची जाहिरात.

फक्त "आइस्क्रीम" लिहू नका. साध्या आइस्क्रीमला नियमाने किमान 10 टक्के दुधाचं फॅट लागतं. वरच्या प्रमाणात ते साधारण साडेआठ टक्के भरतं. "स्ट्रॉबेरी क्रीम कँडी" लिहा, खरं तेच लिहा. आणि विकायला सुरुवात करण्याआधी एफएसएसएआयची नोंदणी काढा. ऑनलाइन होते, 14 आकडी नंबर मिळतो, तो लेबलवर छापा. पंचेचाळीस रुपये मागणाऱ्याचे कागद सरळ पाहिजेत.

नफा मे महिन्यात होत नाही, मार्चमध्ये होतो

हा मुद्दा नीट वाचा. कँडी खपते एप्रिल-मेमध्ये. पण महाबळेश्वर, पाचगणी, वाईकडची स्ट्रॉबेरी डिसेंबरच्या सुमारास सुरू होते आणि उन्हाळा तापेपर्यंत संपत येते. म्हणजे फळाचा सीझन वेगळा, खाणाऱ्याचा सीझन वेगळा. मेमध्ये फळ शोधत फिरलात आणि किलोमागे 200 रुपये जास्त मोजले, तर तीच कँडी 30 वरून 37 ला जाते. दुकानाकडून मिळणार 36. गेला सगळा नफा!

म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्ये बारीक, पिकलेला माल घ्या. बॉक्समध्ये शोभत नाही म्हणून तो स्वस्त असतो, पण गराला तोच चांगला. सडका मात्र नको. आटवा, गार करा, एकेका बॅचच्या हिशेबाने पिशव्या भरा, तारीख टाका आणि उणे 18 अंशावर ठेवा.

मार्च हुकला? मग आपली करवंदं आहेत की. सह्याद्रीत आणि कोकणात ऐन एप्रिल-मेमध्ये पिकतात. शिजवून चाळणीतून गाळा, बिया आणि साली निघतील. करवंद-मलाई कँडी शहरातल्या माणसाला पंचेचाळीसला महाग वाटणार नाही, कारण तिथे ती सहसा मिळतच नाही.

आणि एक गोष्ट कधीही करू नका. लाईट गेली, कँडी वितळली, तर ती पुन्हा गोठवून विकू नका. चव जाते, बर्फाचे खडे होतात, आणि दुधाचा माल आहे, कुणाचं पोट बिघडलं तर नाव कायमचं गेलं. फेकून द्या. ते नुकसान सोसायची ताकद सुद्धा पंचेचाळीसच्या भावातूनच येते, पंचवीसच्या नाही.

आजचा होमवर्क

पहिली बॅच 30 चीच करा. घड्याळ लावा. किती वेळ गेला तो प्रामाणिकपणे वहीत लिहा, भांडी घासण्याचा सुद्धा. तुमच्या बाजारभावाने एक कँडी कितीला पडते ते काढा आणि त्याच्या दीडपट भाव ठेवा. दहा जणांना विचारा. सात जण नाही म्हणाले तरी चालतील. तीन जणांनी सहाचा पॅक घेतला की 18 कँडी गेल्या.

त्या सात जणांसाठी भाव पाडू नका. त्या तीन जणांसाठी माल चांगला करा.