विश्लेषण : इमारत झाली, ताबाही मिळाला, मग आगीपासून सुरक्षेची जबाबदारी कोणाची?

गोरेगावच्या दुर्घटनेने पुनर्वसन इमारतींतील कोणता प्रश्न समोर आणला?

गोरेगावमध्ये काय घडले होते?

6 ऑक्टोबर 2023 च्या पहाटे तीनच्या सुमारास गोरेगाव पश्चिमेतील 'जय भवानी' या झोपडपट्टी पुनर्वसन (झोपु) योजनेतील इमारतीला आग लागली. तळाशी उभी असलेली वाहने आणि तेथे साठवलेल्या कापडाच्या चिंध्या पेटल्या. रहिवासी झोपेत असतानाच धूर वर पसरला. किमान सात जणांचा मृत्यू झाला, तर 40 हून अधिक जखमी झाले.

वरच्या मजल्यांना धोका का?

गरम धूर वर चढतो. तळमजल्यावर आग लागली की जिना आणि उद्वाहनाची पोकळी धुराड्यासारखी काम करते. बाहेर पडण्याचा मार्ग एकच असेल, तर त्याच मार्गाने धूर वर आणि माणसे खाली येऊ लागतात. अशा आगीत ज्वाळांपेक्षा गुदमरून जीव जाण्याचा धोका मोठा असतो.

कायदा काय सांगतो?

'महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, 2006' नुसार अग्निसुरक्षा यंत्रणा बसवणे आणि ती सुस्थितीत ठेवणे ही मालक किंवा भोगवटादाराची जबाबदारी आहे. यंत्रणा चालू असल्याचे परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र दरवर्षी जानेवारी आणि जुलैमध्ये सादर करावे लागते. त्रुटी आढळल्यास अग्निशमन दल नोटीस देऊ शकते, वीज-पाणी तोडू शकते, इमारत मोहोरबंदही करू शकते.

मग अडते कुठे?

'झोपु' योजनेत बांधकामाला परवानगी आणि भोगवटा प्रमाणपत्र झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण देते. बांधतो विकासक. इमारत ताब्यात आल्यावर मात्र देखभाल रहिवाशांच्या सहकारी संस्थेकडे येते. कागदावर ही विभागणी स्पष्ट आहे. प्रत्यक्षात पंप दुरुस्ती, पाण्याच्या टाक्या, दर सहा महिन्यांची तपासणी यांचा खर्च अशा कुटुंबांवर पडतो, ज्यांना मासिक देखभाल शुल्कही जड जाते. 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीनुसार विकासकाने प्रत्येक सदनिकेमागे 20 हजार रुपये देखभालीसाठी ठेवायचे होते. त्या रकमेच्या व्याजावर अशी यंत्रणा वर्षानुवर्षे चालवणे कठीण आहे.

दुसरी अडचण तपासणीची. प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेचे शुल्क इमारतच भरते. शिवाय यंत्रणा चालू असली, तरी तळाशी माल साठवला जात असेल तर धोका कायम राहतो. आणि तो माल जानेवारीत नसला, तरी मार्चमध्ये येऊ शकतो.

इमारत मोहोरबंद करणे हा उपाय आहे का?

दुकान किंवा हॉटेल बंद करता येते. शेकडो माणसांच्या घराचे वीज-पाणी तोडणे जवळपास अशक्य. त्यामुळे निवासी इमारतींबाबत कायद्याचे सर्वांत कडक हत्यार सहसा म्यानातच राहते. दंडाच्या धाकापेक्षा जुन्या पुनर्वसन इमारतींत यंत्रणा बसवण्यासाठी व चालवण्यासाठी निधी आणि अचानक होणारी प्रत्यक्ष पाहणी यांची गरज अधिक आहे.

रहिवाशांनी काय पाहावे?

जिन्यात सामान, सायकली किंवा चपलांची कपाटे नकोत. वाहनतळावर माल साठवू देऊ नये. वीज मीटरच्या खोलीत अडगळ नको. संस्थेच्या सभेत ताजे तपासणी प्रमाणपत्र मागावे आणि पंप समोर चालवून दाखवायला सांगावे. या गोष्टींना खर्च जवळपास नाही. पण पंप बंद निघाला, तर तो दुरुस्त करायला पैसे कोण देणार, हे सरकारला ठरवावेच लागेल.