गटारातली वीज : आधी हिशेब, मग टाळ्या



घाण पाण्यातून वीज निघते असे कुणी सांगितले तर हसू नका. गोष्ट खरी आहे. इंग्लंडमध्ये प्रा. पॉटर यांनी 1911 साली जिवाणूंपासून विजेचा प्रवाह मिळवून दाखवला. हवाबंद भांड्यात जिवाणू सांडपाण्यातली घाण खातात आणि त्यातून सुटणारे इलेक्ट्रॉन कार्बनच्या पट्टीला देतात. तिथून ते तारेवाटे, हवा लागणाऱ्या दुसऱ्या पट्टीकडे वाहतात. हीच वीज. 2015 साली ब्रिस्टलच्या संशोधकांनी मुतारीतल्या लघवीवर दिवे लावले. निर्वासितांच्या छावणीत रात्री संडासात उजेड असावा, हा हेतू. अशा विज्ञानाला आमचा नमस्कार.

पण याच विजेवर तुमचा पंप चालवून देतो, असे कुणी म्हणाला तर त्याला हिशेब मागा. एका घटाचा दाब जेमतेम अर्धा व्होल्ट. खऱ्या सांडपाण्यावर एक चौरस मीटर पट्टीमागे एक वॅट मिळाला तरी पुष्कळ. पाच अश्वशक्तीच्या पंपाला लागतात सुमारे 3,700 वॅट. म्हणजे 3,700 चौरस मीटर पट्ट्या, जवळजवळ एकरभर! कपाशीऐवजी कार्बनच पेरावा लागेल. आणि उन्हाळ्यात जिथे जनावरांना पाणी पुरत नाही, तिथे एवढे सांडपाणी आणायचे कुठून?

मग हे तंत्र कुचकामी आहे का? मुळीच नाही. त्याची जागा शहरात आहे. सांडपाणी शुद्ध करण्याच्या नेहमीच्या केंद्रात निम्म्याच्या आसपास वीज नुसती पाण्यात हवा फुंकण्यात जाते. हे जिवाणू हवेवाचून घाण खातात. वीज देतील चिमूटभर, पण वाचवू शकतील पसाभर. शिवाय पाण्यातले नत्र-स्फुरद बरेचसे तसेच उरते. ते कुणाचे? आमच्याच ज्वारीतून, तुरीतून शहरात गेलेले. आज ते नदीत जाते आणि आम्ही खताची गोणी विकत घेतो.

म्हणून आमचे म्हणणे सरळ आहे. शहरांनी आपली घाण आपल्या खर्चाने धुवावी, त्यात कारखान्यांचे विष मिसळू देऊ नये आणि जंतू मारून ते पाणी शेताकडे परत पाठवावे. जिवाणूंचा दिवा शहराच्या संडासात खुशाल लागू द्या. आमच्या विहिरीवर मात्र तारेतली वीज हवी, ठरल्या वेळी आणि पुऱ्या दाबाची. प्रात्यक्षिकातला दिवा दाखवून ती मागणी कुणी विझवू पाहील, तर भर सभेत त्याच्यापुढे वरचा हिशेब मांडा.