एका रात्रीच्या वाटेसाठी विमान नको

मुंबई, ठाणे, कल्याण, नवी मुंबईत राहणाऱ्या तमाम वैदर्भीय मंडळींना ही हात जोडून विनंती आहे, आणि ती तातडीची आहे. 2026 च्या दिवाळीत लक्ष्मीपूजन 8 नोव्हेंबरला, रविवारी आहे. म्हणजे गावाकडे निघणाऱ्यांची खरी झुंबड शुक्रवारी, 6 नोव्हेंबरला उडणार. त्या रात्रीच्या गाडीचं आरक्षण 7 सप्टेंबरला सकाळी आठ वाजता उघडेल. परतीचा रविवार 15 नोव्हेंबर. त्याचं आरक्षण 16 सप्टेंबरला, म्हणजे ऐन गणपतीत. आरत्या, पाहुणे, विसर्जनाची गडबड यात तो दिवस निघून जातो. ऑक्टोबरात जाग येते, गाडीला भलंमोठं वेटिंग दिसतं आणि आपण मुकाट्याने विमानाचं तिकीट काढतो. यंदा असं होऊ देऊ नका. या दोन तारखा आजच कॅलेंडरवर लिहा आणि गाववाल्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाका.

पूर्वी आरक्षण 120 दिवस आधी उघडायचं. 1 नोव्हेंबर 2024 पासून ते 60 दिवसांवर आलं, पण आपल्या घरोघरी अजून जुनीच सवय आहे. दुसरं म्हणजे, आरक्षण उघडल्यावर सुरुवातीच्या वेळात ऑनलाइन तिकीट फक्त आधार पडताळणी झालेल्या खात्यावरून निघतं. ऑनलाइन तत्काळलाही तीच अट आहे. तेव्हा आयआरसीटीसीचं खातं आत्ताच आधारला जोडून घ्या. ऐन आठ वाजता ओटीपीची वाट पाहत बसलात तर बर्थ गेलेच म्हणून समजा.

आता मूळ मुद्दा. मुंबई ते नागपूर रेल्वेने 837 किलोमीटर आहे. एवढ्या अंतराला विमान लागत नाही असं माझं ठाम मत आहे, आणि ते आधी वेळेच्या हिशेबानेच सांगते. डोंबिवलीत राहणारा माणूस घ्या. शनिवारी दुपारी दोनचं विमान. दोन तास आधी विमानतळावर हजर राहायचं आणि रस्त्याचा भरवसा नाही, म्हणून साडेनऊलाच घर सोडायचं. मग बॅग देण्याची रांग, तपासणीची रांग, ट्रेमध्ये पट्टा-मोबाइल-लॅपटॉप, आईने बांधून दिलेल्या लोणच्याच्या बरणीवरून हुज्जत. साडेतीनला विमान नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर उतरलं तरी बॅग हातात येऊन घर गाठेपर्यंत पाच वाजतात. दीड तासाच्या उड्डाणासाठी सुट्टीचा अख्खा दिवस खर्ची पडला. तोच माणूस शुक्रवारी कामावरून सुटून, डबा घेऊन कल्याणला विदर्भ एक्सप्रेसमध्ये चढला, तर शनिवारी सकाळी नागपुरात पोचतो. वेळ गेला तो झोपेचा.

या रात्रीच्या प्रवासाबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण आपल्या मुलांच्या पिढीला तो माहीतच नाहीसा होत चालला आहे. कसाऱ्याला गाडी थांबते. मागे बँकर इंजिनं लागतात, एक हलका हिसका बसतो आणि 37 मीटरला एक मीटर अशा चढणीवर गाडी थळ घाट चढू लागते. इगतपुरीला दार उघडलं की गार वारा थेट आत येतो. तोवर पोळी-भाजीचे डबे उघडून मिटलेले असतात आणि खालच्या बर्थवरच्या अनोळखी आजीला कुणीतरी चादर खोचून देत असतं. शेगाव जवळ आलं की दर्शनाला उतरणारी मंडळी अंधारातच कुजबुजत बॅगा ओढू लागतात. बडनेरा मागे पडलं की उजाडतं. धामणगाव-पुलगावच्या पट्ट्यात रुळाच्या दोन्ही बाजूंना पांढरी फुटलेली कपाशी दिसते, वेचणीला निघालेल्या बाया दिसतात. दिवाळी नेमकी कुणाच्या घामावर उभी आहे, हे मुलाला खिडकीतून दिसतं.

आणि हवामानाचं काय? मे महिन्यात 45-46 अंश सोसणाऱ्या नागपूर-चंद्रपूरच्या माणसाला तापमानवाढ म्हणजे काय ते शिकवावं लागत नाही. विमानाला सारं वजन घेऊन दहा किलोमीटरच्या आसपास उंच चढावं लागतं, आणि या चढाईत इंधन सपाटून जळतं. लांबच्या प्रवासात तो खर्च हजारो किलोमीटरवर वाटला जातो. मुंबई-नागपूरला वर पोचून जरा स्थिरावलं की उतरायची वेळ होते. पोलादी चाक मात्र पोलादी रुळावर फार कमी घर्षणाने फिरतं, आणि एका गाडीत हजारांहून अधिक माणसं बसतात. आजची थ्री-फेज इंजिनं घाट उतरताना ब्रेक लावतात तेव्हा वीज तयार होते आणि ती वरच्या तारेत परत जाते. कुणी म्हणेल, गाडीची वीज तरी कोळशाचीच ना? बरोबर आहे. कोराडी आणि चंद्रपूरच्या राखेत दिवस काढलेल्यांना ते पक्कं ठाऊक आहे. तरीही माणशी हिशेब केला तर गाडीचं प्रदूषण विमानाच्या मानाने कित्येक पटींनी कमी भरतं. शिवाय त्याच तारेतून उद्या सौरवीज धावली तर इंजिन बदलावं लागणार नाही. विमानाची टाकी मात्र पुढची बरीच वर्षं केरोसीननेच भरावी लागणार आहे.

मला याहूनही जास्त काळजी वाटते ती वेगळ्या गोष्टीची. ज्यांचा शब्द वरपर्यंत पोचतो, असे लोक गाडी सोडून चालले आहेत. डॉक्टर, वकील, प्राध्यापक, आयटीतली मुलं, अधिकारी. महापालिकेच्या शाळांचं काय झालं ते आपण पाहिलं आहे: शिकल्यासवरल्या घरांनी आपली मुलं काढून घेतली आणि त्या शाळांसाठी भांडायला वजनदार माणूस उरला नाही. गाडीचंही तेच होईल. संडासात पाणी नाही, चादर मळकी आली, स्लीपरच्या डब्यात पाय ठेवायला जागा नाही, गाडी दोन तास रखडली, या तक्रारी खऱ्या आहेत. त्यावर पळून जाणं हा उपाय नव्हे. विमान परवडत नाही अशी लाखो माणसं त्याच डब्यात राहणार आहेत. आपण सोबत बसलो, रेल्वेच्या 139 या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, उत्तर येईपर्यंत पाठपुरावा केला, तर त्यांचाही प्रवास सुधारेल. विमानात बसून गाड्यांच्या दुरवस्थेवर हळहळण्याने काहीच होत नाही.

विमान म्हणजे हमखास, हा समजही एकदा तपासून घ्या. 2025 च्या डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात वैमानिकांच्या विश्रांतीच्या नव्या नियमांसाठी पुरेशी तयारी झाली नव्हती, तेव्हा देशभर हजारो उड्डाणं रद्द झाली. माणसं विमानतळांवर बॅगांवर डोकं ठेवून झोपली. भाडी इतकी भडकली की केंद्र सरकारला कमाल मर्यादा घालावी लागली, आणि 500 ते 1,000 किलोमीटरसाठी ती मर्यादासुद्धा 12,000 रुपयांची होती! त्याच दिवसांत रेल्वेने गाड्यांना जादा डबे जोडून अडकलेल्यांना घरी पोचवलं. विदर्भ एक्सप्रेसच्या थर्ड एसीचं भाडं दिवाळीच्या तोंडावर चौपट होत नाही. दुरांतोचं भाडं जागा भरत जातील तसं वाढतं हे खरं, पण त्या वाढीलाही मर्यादा ठरलेली आहे.

विमानात कुणी कधीच बसू नये, असं माझं म्हणणं नाही. घरातलं कुणी गेलं आहे आणि मुखाग्नीला पोचायचं आहे, कुणाला तातडीने मोठ्या इस्पितळात न्यायचं आहे, गुवाहाटीला किंवा श्रीनगरला जायचं आहे, तिथे विमानच योग्य. विनंती आहे ती एका रात्रीत सरणाऱ्या वाटेपुरती. पुणेकरांनाही ती लागू आहे: महाराष्ट्र एक्सप्रेस आहे, आणि ऑगस्ट 2025 पासून पुणे-अजनी (नागपूर) वंदे भारत 881 किलोमीटर साधारण बारा तासांत तोडते. दिवसभर बसायचं म्हणून कुरकुर होते, पण शेगाव, अकोला, बडनेऱ्याला जाणाऱ्यांना तर नागपूरला विमानाने उतरून पुन्हा उलटं मागे येण्यापेक्षा ती कितीतरी सोयीची आहे.

कंपन्यांच्या आणि संस्थांच्या कारभाऱ्यांनाही सांगणं आहे. नागपूरला सकाळची बैठक असेल तर आदल्या रात्रीच्या गाडीचं सेकंड एसीचं तिकीट द्या, उतरल्यावर आंघोळीपुरती खोली द्या आणि हा प्रवास कामाच्या नियमात बसवा. आज अनेक ठिकाणी विमानाचं बिल विनातक्रार मंजूर होतं, पण गाडीने जाणाऱ्याला रजा टाकावी लागते. ही उलटी रीत एका परिपत्रकाने बदलता येईल.

तसंच मंत्र्यांना आणि आमदारांना. 1953 च्या नागपूर करारामुळे हिवाळी अधिवेशन नागपुरात भरतं. त्यांच्यापैकी जे मुंबईहून जातात त्यांनी यंदा गाडीने जावं, आणि सलूनमधून नव्हे, साध्या थर्ड एसीतून. म्हणजे गाडी का रखडते ते त्यांनाही दिसेल. नागपूरपर्यंत रेल्वे 1867 मध्ये पोचली. भुसावळ-वर्धा पट्ट्यात मात्र आजही मालगाड्या आणि प्रवासी गाड्या मुख्यतः दोनच मार्गांवरून एकमेकींना अडवत धावतात. ऑक्टोबर 2025 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने वर्धा-भुसावळच्या 314 किलोमीटरच्या तिसऱ्या-चौथ्या मार्गाला मंजुरी दिली आहे. ते काम रेंगाळू नये, आणि तोवर सणासुदीच्या जादा गाड्या आदल्या आठवड्यात नव्हे, आरक्षण उघडतानाच जाहीर व्हाव्यात, या दोन मागण्या घेऊन आपण प्रत्येकाने आपल्या खासदाराला पत्र लिहायचं आहे. शक्य असेल तर दोन पत्रं: एक जिथे राहतो तिथल्या खासदाराला, एक गावाकडच्या. एका पानाचं पुरे. त्यात गाडीचं नाव, प्रवासाची तारीख आणि तुम्हाला दिसलेला वेटिंगचा आकडा न चुकता लिहा.