शेत बघायला तिकीट!



कोलंबियातला किंदिओ हा कॉफीचा मुलूख. देशोदेशींच्या करारातली कोटा पद्धत जुलै १९८९ मध्ये मोडली आणि काही महिन्यांत कॉफीचा भाव निम्म्याच्या आसपास आला. मळ्यावर भागेना, तेव्हा कित्येकांनी राहत्या घरात पाहुणे ठेवायला सुरुवात केली. १९९९ साली किंबाया गावाजवळ 'पानाका' हे शेतीचे उद्यानच उभे राहिले. शहरातली कुटुंबे तिकीट काढून गाई, डुकरे, घोडे बघतात. शेजारच्या हॉटेलात मुक्काम आणि जेवणखाण एकाच रकमेत. उद्यानाचे घोषवाक्य आहे, 'शेत नाही तर शहर नाही'.

वाक्य खरे आहे. पण शेत बघायला पैसे मोजणारे शहर कॉफीच्या पोत्याला तेवढ्याच खुशीने पैसे मोजते का?

आपल्याकडची हुरडा पार्टी आठवा. हुरड्याच्या ताटाला घासाघीस होत नाही. तीच ज्वारी पोत्यात भरून अडत्यापुढे नेली की भाव पडतो. शिवाय पाहुणे येतात सडकेच्या कडेच्या, विहिरीच्या रानात. आतल्या कोरडवाहू कपाशीवाल्याकडे कोण येणार?

पाहुण्यांचे चार पैसे मिळत असतील तर जरूर घ्यावेत, त्यात कमीपणा नाही. पण शेत पिकवण्याचे दाम मागणे सोडू नये.